कोंढ्यात न उगवणारं झाड: पेरू, बिही, जाम आणि नासपाती

माझ्या पहिल्या तक्त्यात कोंढ्याला एक झाड उगवलं होतं, जे तिथे कधी उगवूच शकत नाही. हा लेख त्या झाडाबद्दल आहे. सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असलेल्यांनी जरूर वाचा, कारण ही चूक अगदी प्रामाणिकपणे काम करतानाच होते.

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं माझं आजोळ. धानाचा पट्टा, जवळून वैनगंगा. घरामागे सांदवाडी असते. तिच्यात शेवगा, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता, वेलीला टेकायला एखादं वाळकं झाड आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं एक फळझाड. पीएच.डी.साठी मी अशा परसबागांतली फळझाडं मोजत होते. एमएस्सी वनस्पतिशास्त्रात झालेली, त्यामुळे झाडं ओळखता येतात हा माझा समज. वहीत चार रकाने होते: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कूळ, वापर.

पहिल्या पावसाळ्यात मी घरोघरी फिरून नावं लिहून घेतली. झाड दाखवायला सांगायचं, फोटो काढायचा, पुढे जायचं. पाऊस असला की ओसरीवर बसूनच नावं घ्यायची. गोम इथेच आहे. बऱ्याच घरांत 'जाम' असं उत्तर आलं. एकदोन ठिकाणी शिकलेल्या पोरांनी 'पेरू' सांगितलं. आणि एका घरी छत्तीसगडकडून लग्न होऊन आलेल्या काकू म्हणाल्या, 'बिही'. वापर विचारला तर म्हणाल्या, कच्ची असली की भाजी करतो.

संध्याकाळी मी कोश काढला. बिही म्हणजे फारसीतून आलेला शब्द, अर्थ क्विन्स, शास्त्रीय नाव सायडोनिया ऑब्लाँगा. युनानी दुकानात खोकल्यावर मिळतो तो बिहीदाणा याच फळाच्या बिया. शिवाय क्विन्स कच्चं खाववत नाही, शिजवूनच खातात; माझ्या वहीत तर 'शिजवून, भाजी' असं स्वच्छ लिहिलेलं! सगळं जुळलं. 'जाम' समोर मी सायझिजियम समारँजेन्स लिहिलं, कारण कोकणात जाम म्हणतात ते घंटेसारखं पाणचट फळ मला पुस्तकातून माहीत होतं. 'पेरू' समोर सिडियम ग्वायावा. तीन नावं, तीन जाती, दोन कुळं.

आकडेमोड केली तेव्हा तर आनंदच झाला. विविधतेचा निर्देशांक चांगला आला. त्याहून मोठं म्हणजे, ज्या घरांत सुना छत्तीसगड किंवा बालाघाटकडून आल्या तिथली झाडं बाकी घरांपेक्षा वेगळी दिसत होती. मी सरळ निष्कर्ष लिहिला, की स्थलांतरित स्त्रिया माहेरची फळझाडं घेऊन येतात. पेपरचा मसुदा तयार झाला. असा निष्कर्ष कोणालाही आवडतो, मलाही आवडला होता.

गाईड मॅडमनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला, "कोंढ्यात बर्फ कधी पडला?"

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, सायडोनिया हे नासपातीचं भावंड. दोघंही गुलाबाच्या कुळातले, थंड देशाचे. हिवाळ्यात पानं गाळून झोपतात आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय जागे होत नाहीत. नासपातीच्या बहुतेक जातींना साधारण सात अंशांखालचे कित्येक शे तास लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा तसा उतरतो, दहा वाजता पुन्हा घाम. कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, पण त्याही पंजाबात आणि डोंगरपायथ्याला. धानाच्या बांधीशेजारी नाही. मग तुझ्या काकूंच्या झाडाला फळं कशी लागतात?

पुढच्या रविवारी मी परत कोंढ्याला गेले आणि या वेळी झाडापर्यंत गेले. सालीचे पापुद्रे निघत होते, आत गुळगुळीत तांबूस-हिरवट खोड. कोवळी फांदी चौकोनी. पानं समोरासमोर, शिरा उठावदार, चुरगळलं की ओळखीचा वास. नासपातीची पानं एकाआड एक असतात, हा एकच फरक पुरे होता. आजीला वही दाखवली तर ती म्हणाली, "अवो बाई, हे त जामच हाये. एकच झाड तीनदा काहून लिवलं?"

तीन ओळी म्हणजे एकच झाड होतं. सुनेने माहेरून झाड आणलं नव्हतं, शब्द आणला होता. माझा निष्कर्ष गेला, निर्देशांक खाली आला, मसुदा मागे घेतला. रडले वगैरे, ते सोडा. पण मग डोक्यात एक वेगळाच किडा शिरला. या झाडाला क्विन्सचं नाव का मिळावं? आणि शोधता शोधता कळलं, की 'पेरू' आणि 'अमरूद' ही दोन्ही नावंसुद्धा मुळात नासपातीचीच आहेत.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. पेरू हे फळ दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आलं म्हणून त्याचं नाव पेरू, असं मी स्वतः शाळेत शिकले आणि पुढे शिकवणीच्या मुलांना शिकवलंही. हे पटकन पटतं, कारण अर्धं खरं आहे: झाड खरोखरच उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. पण नावाचा देशाशी संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपाती. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० मध्ये आली. अमेरिकेतली झाडं त्यांच्या जहाजांतून इकडे आली, त्यात हेही होतं. ब्राझीलमधले पोर्तुगीज या फळाला तिथल्या मूळ नावावरून 'गोयाबा' म्हणत राहिले, पण हिंदुस्थानातल्या पोर्तुगीजांच्या बोलण्यात ते 'पेरा' झालं. कोकणीत 'पेर', घाटावर 'पेरू'.

हे कशावरून? एका भाषेतला एक शब्द बघून काहीच सिद्ध होत नाही. शेजारी बघावे लागतात. सिंहली भाषेत या फळाला 'पेर' म्हणतात. मल्याळममध्ये 'पेरक्का', कन्नडमध्ये 'पेरल', बंगालीत 'पेयारा'. नकाशावर या ठिकाणी टिंबं मारा. गोवा, मलबार, श्रीलंका, बंगाल: पोर्तुगीज जहाजांचे थांबे एका ओळीत उभे राहतात. देशाच्या नावावरून शब्द आला असता तर तो या बंदरांच्याच माळेत का सापडावा? केरळातल्या वनस्पतींवरचा डच गव्हर्नर व्हान रीडचा 'होर्तुस मलाबारिकुस' १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला, त्यात हे झाड 'पेला' या नावाने चित्रासकट आहे. म्हणजे सतराव्या शतकात ते मलबारात इतकं रुळलं होतं, की त्याचं स्थानिक नाव नोंदवावंसं वाटलं. पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत गेलेल्या शब्दांवर गोव्याचे सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये मोठा ग्रंथ काढला. शब्दांच्या मागे लागायचं असेल तर तिथून सुरुवात करा, आणि शेजारी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश ठेवा.

आता, लोकांना यात नासपाती का दिसली? इथे मला माझ्या विषयाचा उपयोग झाला. झाडं एकमेकांची कोणीच नाहीत. पेरू जांभूळ-लवंगेच्या कुळातला, नासपाती गुलाबाच्या. पण फळ हातात घ्या. देठाकडे निमुळतं, खाली फुगीर. टोकाला वाळलेल्या पाकळ्यांसारखा मुकुट असतो. तो निदलपुंजाचा अवशेष. दोन्ही फुलांत बीजांडकोश खाली असतो, म्हणून दोन्ही फळांच्या बुडाशी तो मुकुट उरतो. आणि चावलं की दातांखाली वाळू येते. ही वाळू म्हणजे अश्मपेशी: लिग्निन साचून भिंती जाड झालेल्या, आतून जवळजवळ मेलेल्या पेशी. पेरूत आहेत, नासपातीतही आहेत. प्रयोगशाळेत पातळ काप घेऊन त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, अश्मपेशींचे पुंजके लालगुलाबी होऊन उठतात. बाजारातली नासपाती आणि आजीचा जाम यांचे काप शेजारी ठेवून मी हे केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्या अनामिक पोर्तुगीज खलाशाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. त्याने जिभेने जे ओळखलं ते चुकीचं नव्हतं.

लिनिअसलासुद्धा मोह आवरला नाही. १७५३ मध्ये त्याने सिडियम ग्वायावा हे नाव दिलं आणि १७६२ च्या आवृत्तीत लांबट फळाचं झाड वेगळं, गोल फळाचं वेगळं असं धरून 'पायरीफेरम' आणि 'पोमीफेरम' अशी नावं आणली, म्हणजे नासपाती धरणारा आणि सफरचंद धरणारा. आज ही दोन्ही नावं एकाच जातीत जमा आहेत. म्हणजे एकच झाड दोनदा लिहिणारी मी पहिली नाही.

नव्या फळाला नासपाती म्हणण्याची युरोपीयांना सवयच होती. अॅव्होकॅडोला इंग्रज बराच काळ 'मगरनासपाती' म्हणत, फड्या निवडुंगाच्या बोंडाला काटेरी नासपाती. आपणही तेच करतो. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांचा, पण त्यांच्याकडे 'बताता' आधी रताळ्याला म्हणत. उलटा फसवणारा प्रकार म्हणजे सीताफळ: नाव रामायणातलं, झाड अमेरिकेतलं. कोंढ्याच्या सांदवाडीत सीताफळ आणि जाम शेजारी उभे असतात, दोघंही समुद्रापलीकडचे, आणि गावात विचाराल तर दोघंही 'पहिल्यापासूनचे'.

माझा आवडता भाग मात्र स्वयंपाकाचा आहे, तिथे जरा रेंगाळते.

युरोपात नासपातीचे दोन वर्ग होते. एक हातात घेऊन खायची, मऊ, रसाळ. दुसरी शिजवायची. ही दुसरी झाडावर कधी मऊ होतच नाही. तुरट, दगडासारखी, पण महिनोन्महिने टिकणारी. इंग्लंडात तिला 'वॉर्डन' म्हणत आणि तिची भाकरीच्या आवरणातली गोड कचोरी करत. नेदरलंड्समध्ये अजून घरामागे अशी झाडं असतात, फळं तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात आणि पांढरा गर हळूहळू लाल होतो. रंग वरून घातलेला नसतो. गरातली रंगहीन तुरट द्रव्यं आम्लात उष्णतेने तुटतात आणि त्यातून जास्वंद-जांभळात असतात त्या जातीची लाल रंगद्रव्यं तयार होतात. क्विन्सचंही तसंच. हिवाळ्यात ताजं फळ नसलेल्या देशात ही झाडं घरच्या बागेत लावणं म्हणजे कोठार भरून ठेवणं होतं.

पोर्तुगालात क्विन्सला 'मार्मेलो' म्हणतात. साखरेत आटवून त्याची वडी करत, ती 'मार्मेलादा'. इंग्रजी मार्मालेड हा शब्द तिथून आला, पुढे संत्र्याकडे गेला. त्याच रीतीने नासपातीची केलेली वडी म्हणजे 'पेरादा'. आता गोव्यात या. तिथे ना क्विन्स, ना नासपाती. नाताळच्या फराळात, कुसवाडात, एक लालसर वडी असते: पेरूचा गर, साखर, लिंबाचा रस, कढईच्या कडा सोडेपर्यंत घोटलेला. तिचं नाव 'पेराद'. ब्राझीलमध्ये हाच पदार्थ 'गोयाबादा' म्हणून ओळखला जातो. गोव्यात मात्र फळाचं नाव बदललं तसं पदार्थाचंही, आणि नासपातीची जुनी वडी पेरूच्या अंगावर बसली.

नुसतं नाव बसलं असतं तर वडी झाली नसती. पेक्टिन हवं. पेक्टिन, साखर आणि पुरेसं आम्ल एकत्र आलं की जाळं तयार होतं आणि गर घट्ट धरतो. क्विन्समध्ये पेक्टिन भरपूर, पेरूतही भरपूर, विशेषतः पूर्ण पिकायच्या आधी. त्यामुळे क्विन्सच्या कृतीत पेरू घातला तरी वडी पडते. आंबा किंवा पपई घालून बघा, इतकं सहज जमत नाही. माझ्या मते हे झाड हिंदुस्थानात 'नासपाती' ठरलं त्यात आकाराइतकाच कढईचाही हात असावा. हा तर्क आहे, पुरावा नाही. प्रबंधात लिहिताना 'असावा' हा शब्द मी ठेवणार आहे.

आणि आपल्याकडे? विदर्भात जामाची भाजी होते. आजी अर्धवट पिकलेले जाम घेते, पाडाला लागलेले. फार पिकलेला लगदा होतो, अगदी कच्चा तुरट लागतो. चार फोडी करते, बियांचा मधला भाग चमच्याने काढून वेगळा ठेवते (तो मीठ लावून आम्ही नातवंडं संपवायचो). तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, धन्याची पूड, मग फोडी, थोडं पाणी, झाकण. शेवटी गूळ. वरून सांबार. पुण्यामुंबईच्या वाचकांनी थांबावं: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. परसबागेवर काम करणाऱ्याने हाही शब्द तक्त्यात जपून लिहावा.

फोडी शिजतात तेव्हा पेशींमधलं पेक्टिन सैल होतं आणि गर मऊ पडतो. अश्मपेशी मात्र तशाच राहतात, लिग्निनला फोडणीने काही होत नाही. म्हणून मऊ भाजीतही दाताखाली कणी येते. डच आजीच्या नासपातीतही ती येत असणार.

आता 'अमरूद' आणि 'बिही'. या बाजूची गोष्ट जमिनीवरून आलेली आहे. जुन्या फारसीत अमरूद म्हणजे नासपाती. उत्तरेत दरबारी लोकांना नासपाती माहीत होती, हवीहवीशी होती. बाबर आपल्या आठवणीत अंदिजानच्या नासपातीइतकी चांगली नासपाती कुठे नाही असं नोंदवतो. हिंदुस्थानात आल्यावर त्याने इथल्या फळांची लांबलचक यादी दिली. ती भंडाऱ्याच्या माणसाने मुद्दाम वाचावी, कारण तीत आंबा, फणस, जांभूळ तर आहेतच, पण मोह, खिरणी आणि चारोळीही आहेत. पेरू नाही. यावरून १५२६ ते १५३० च्या सुमारास उत्तरेत पेरू नव्हता असं म्हणता येईल का? जपून. यादीत नसणं म्हणजे जगात नसणं नव्हे. पण बाबर नावडत्या फळांचीही नोंद करणारा माणूस, त्यामुळे त्याच्या मौनाला थोडं वजन आहे.

नंतर कधीतरी हे नवं फळ आलं आणि पोर्तुगीजांनी समुद्रावर जे केलं तेच फारसी जाणणाऱ्यांनी जमिनीवर केलं: जवळचं नाव उचलून चिकटवलं. 'अमरूद'. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात या फळाचं 'सफरी आम' हेही नाव आहे, प्रवासाला निघालेला आंबा. मला हे नाव सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. 'बिही' त्याच पंगतीतलं दिसतं. आणि 'जाम', 'जामफळ' ही गुजरात-माळव्याकडची, आपल्या जांभळाच्या घरातली नावं. खरं तर वनस्पतिशास्त्राने बघितलं तर तीच सर्वांत बरोबर, कारण पेरू आणि जांभूळ खरोखरच एका कुळातले आहेत. नासपाती म्हणणारे चुकले, जाम म्हणणारी आजी लिनिअसच्या आधीच जवळपास पोचली होती.

मग भंडाऱ्यात 'पेरू' का नव्हता? या जिल्ह्याचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या नागपूर, बालाघाट, रायपूर या दिशांना होते. भोसल्यांचं राज्य, १८६१ पासून मध्य प्रांत. मुंबई राज्यात यायला १९५६ उजाडलं. किनाऱ्यावरचा शब्द इथे पोचला तो पाठ्यपुस्तकं आणि बाजारपेठेतून. म्हणून आमच्या घरात आजी जाम म्हणते, आई दोन्ही म्हणते, आणि माझी भाची फक्त पेरू.

मूळ नासपातीचा हिंदुस्थानातला प्रवेशही मजेशीर आहे. ह्युएन त्संग सातव्या शतकात लिहितो, की कनिष्काकडे ओलीस राहिलेल्या चिनी राजपुत्रांनी पंजाबातल्या चीनभुक्तीत नासपाती आणि पीच आणले, म्हणून नासपातीला इथे 'चीनराजपुत्र' म्हणतात. कनिष्क आणि ह्युएन त्संग यांच्यात काही शतकांचं अंतर आहे, त्यामुळे ही लोककथा म्हणूनच वाचावी. पण बघा, खऱ्या नासपातीलासुद्धा इथे परक्याचंच नाव मिळालं होतं. पंजाबात अजून 'पत्थरनाख' नावाची घट्ट नासपाती लावतात. नावातच दगड.

आता परत सांदवाडीत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक झाडाची फांदी मी दाबून, वाळवून हर्बेरियम शीटवर लावली; पान, फूल, जमलं तर फळाचा काप. नाव सांगणाऱ्याचं माहेर कुठलं हा नवा रकाना घातला. तेव्हा लक्षात आलं, की झाडं एका जातीची असली तरी सारखी नाहीत. आजीचा जाम लहान, आतून गुलाबी, बिया दगडासारख्या, वास ओसरीपर्यंत. शेजारचा मोठा, पांढऱ्या गराचा, वासाला कमी. शेजाऱ्यांनी सांगितलं, कलम आहे, नर्सरीतून आणलेलं.

ते बहुधा 'सरदार', म्हणजे एल-४९. तिचा इतिहास महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी लखनौकडच्या बियांपासून रोपं वाढवली, त्यातलं एकोणपन्नासावं निवडलं; साल १९२७. नावातला 'एल' लखनौचा. आज महाराष्ट्रात लावलेल्या पेरूत हे नाव सगळीकडे भेटतं. कलमाने वाढवत असल्यामुळे प्रत्येक झाड त्या एकाच रोपाची प्रत असते. आजीचं झाड बियाण्याचं. कोणीतरी खाऊन टाकलेल्या, नाहीतर पाखराने आणलेल्या बीपासून उगवलेलं. त्याच्यासारखं दुसरं नसतं, आणि त्याच्या बियांतूनही तसंच येईल याची खात्री नाही.

त्यामुळे 'एक जात, एक ओळ' हे माझं नवं उत्तरही अपुरंच होतं. आधी मी एका झाडाच्या तीन ओळी केल्या, नंतर सगळी झाडं एका ओळीत कोंबली. आता जातीच्या ओळीखाली प्रत्येक झाडाची उगवण (बी की कलम), गराचा रंग, अंदाजे वय आणि घरातली सगळी नावं असे उपरकाने आहेत. मसुदा पुन्हा लिहितेय. नवा प्रश्न छोटा आहे: बियाण्याचे जाम कोणत्या घरांत टिकले आणि का? हाती आलेल्या मुलाखतींवरून दिसतं, की जिथे भाजी अजून होते तिथे जुनं झाड राहिलंय, कारण कलमी फळ भाजीत लवकर विरघळतं असं बायका सांगतात. हे मोजायचं बाकी आहे. गराचा घट्टपणा मोजायचं यंत्र विभागात आहे, तेही माझ्यासारखंच अधूनमधून चालतं.

घाई आहे, कारण घरकुलाचं बांधकाम मंजूर झालंय आणि आखणी नेमकी आजीच्या जामावरून जाते. मामा म्हणाले, "नर्सरीतून दुसरा आणू." त्यांना समजावताना मला कळलं, की चीमांचा १९२७ चा इतिहास त्यांना सांगून उपयोग नाही. आषाढात मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्या निवडल्या, प्रत्येकीची साधारण अडीच सेंटीमीटर साल गोल काढली, ओलं शेवाळ बांधून वरून प्लास्टिक गुंडाळलं. गुटी कलम. एक माकडांनी तोडली, एक वाळली. दोन पिशव्यांत पांढरी मुळं दिसायला लागलीत.

आजी रोज सकाळी जाऊन पिशवी उन्हाकडे धरून बघते आणि फोनवर मुळांची संख्या सांगते. मी ती तारखेसकट वहीत लिहून घेते. काल विचारत होती, "याला कोनतं नाव लिवशील, मंग?"

मी म्हटलं, सगळीच.

"त लिव," ती म्हणाली, "पन जाम पयले."